भिंगातले कवडसे

शेगावाहून परतलेल्या मंडळींच्या सामानात पूर्वी अंगाऱ्याची पुडी, प्रसाद आणि वाटेत घेतलेल्या कचोऱ्यांचा तेलकट कागद एवढे जिन्नस हटकून असावयाचे. अलीकडे त्यांत फोटोंची भर पडली आहे, आणि घरात पाऊल टाकताच, हातपाय धुण्याच्याही आधी, कोणीतरी ते दाखवावयास बसतो. गेल्या माघात आमच्या घरची अकरा माणसे प्रकटदिनाच्या सुमारास जाऊन आली, तेव्हाही असेच झाले. मोजून दोनशे फोटो निघाले. त्यांतील एकशे नव्याण्णव मंडळींनी जांभया देत पाहिले. उरलेल्या एकाने मात्र घरात आठ दिवस अबोला घडवून आणला, आणि तोच प्रस्तुत लेखाचे निमित्त होय.

फोटो असा. सकाळची वेळ; पुतण्याने मंदिराबाहेरच्या रस्त्यावर उभे राहून शिखराकडे मोबाईल रोखलेला. वरच्या उजव्या अंगास कळस, आणि कळसाला अगदी लागून सूर्य, त्यामुळे कळसाची एक कड वितळल्यासारखी दिसत होती. तेथून तिरपे पांढरट पट्टे खाली उतरले होते, आणि डाव्या बाजूस, नेमका आमच्या मंडळींच्या डोक्यांवर, हरभऱ्याएवढा हिरवा तेजस्वी ठिपका होता. थोरल्या वहिनींनी तो पाहिला मात्र, हात जोडले. "महाराजांनी दर्शन दिलं," एवढेच त्या बोलल्या. दुसऱ्या दिवशी फोटो मोठा करून चौकटीत बसला, देवघरात गेला, आणि शेजारच्या दोघीजणी तो पाहूनही गेल्या. रात्री जेवताना पुतण्या हसत म्हणाला, "मोठी काकू, ते दर्शन नव्हे, लेन्स फ्लेअर आहे. बसस्टँडच्या फोटोतसुद्धा आहे तो. तिथंही आरती करायची का?" वहिनी ताटावरून उठल्या नाहीत, पण पुढचा भात त्यांनी वाढून घेतला नाही.

एकत्र कुटुंबात असली गोष्ट एका फोटोपुरती राहत नाही. एका बाजूस 'पोरांना देवधर्म उरला नाही' आणि दुसऱ्या बाजूस 'वडीलधाऱ्यांना काही समजावून सांगता येत नाही' अशा दोन फळ्या पडतात. पुतण्याचे पदार्थविज्ञान बरोबर होते. त्याची बोलण्याची तऱ्हा बरोबर नव्हती. आमचे म्हणणे एवढेच होते, की त्या हिरव्या ठिपक्यापायी दोघांनीही फोटो पाहावयाचा राहूनच गेला.

आता हा लेन्स फ्लेअर म्हणजे काय ते पाहू. जुन्या कौलारू घरांत दुपारी फटीतून कवडसा पडतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. कॅमेऱ्याच्या पोटातही तसेच कवडसे पडतात. फरक इतकाच, की ते फटीतून न येता काचेवरून परतून येतात. कॅमेऱ्याचे भिंग एक काच नसून अनेक काचांची उतरंड असते. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून शेकडा सुमारे ४ भाग प्रकाश मागे फिरतो. तीन सुट्या काचा, म्हणजे सहा पृष्ठे, धरली तर शंभरांपैकी अठ्ठ्याहत्तर भागच सरळ पार जातात; चार काचांत बहात्तर. उरलेला बहुतेक आल्या वाटेने परततो, परंतु त्यांतील अंशभर प्रकाश दुसऱ्या पृष्ठावर आपटून पुन्हा पुढे वळतो आणि बोलावल्यावाचून फिल्मवर जाऊन बसतो. कोणतीही दोन पृष्ठे मिळून असा एक भटका कवडसा तयार करू शकतात. सहा पृष्ठांच्या अशा जोड्या पंधरा, आठांच्या अठ्ठावीस, आणि पंधरा काचांच्या एखाद्या झूम भिंगात चारशे पस्तीस! एरवी ते इतके क्षीण असतात की दिसत नाहीत. सूर्यासारखा दांडगा पाहुणा चौकटीत आला, की त्यांतले काही प्रगट होतात.

कौलांतून पडणारा कवडसा फटीचा आकार कसाही असला तरी बहुधा वाटोळा असतो, कारण ते सूर्याचेच चित्र असते. भिंगातला कवडसा मात्र पुष्कळदा षट्कोनी वा अष्टकोनी दिसतो. भिंगाच्या आत प्रकाश कमीजास्त करणारी जी पाती असतात, त्यांच्या छिद्राचा तो आकार होय. मोबाईलमध्ये बहुधा अशी हलती पाती नसतात, म्हणून तेथला ठिपका गोल किंवा मूळ दिव्याच्याच आकाराचा येतो. जो रंग त्याला येतो तो काचेवरील लेपाला न जुमानता परतलेल्या प्रकाशाचा. नव्या चष्म्याच्या काचेवर तिरपे पाहिले असता हिरवट किंवा जांभळट झाक दिसते, तीच जात.

हे सारे वहिनींस व्याख्यान देऊन सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही रात्री देवघरातील वीज मालवली, समईची एकच वात पेटती ठेवली आणि मोबाईल त्यांच्याच हाती दिला. ज्योत चौकटीच्या उजवीकडे घेतली की अंधुक ठिपका डावीकडे. ज्योत वर, तर ठिपका खाली. फोटोच्या मध्यबिंदूतून ज्योतीपासून रेघ ओढावी आणि तो तिच्यावर सापडावा, असा त्याचा शिरस्ता. ज्योतीपुढे हात आडवा धरला की तोही नाहीसा. वहिनींनी हा खेळ चांगला दहा मिनिटे केला. नंतर मोबाईल खाली ठेवून म्हणाल्या, "ठिपका काचेचा, हे कळलं. पण त्या सकाळी दर्शन घेऊन बाहेर आलो तेव्हा ऊन अस्संच होतं, भावोजी. डोळे उघडवत नव्हते. तुमच्या त्या बाकीच्या दोनशे फोटोंत ते कुठं आहे?"

छायाचित्रणावरील पुस्तकांत आम्ही या विषयावर जे वाचले, त्यांत इतके नेमके वाक्य आढळले नाही. फोटो देवघरातून निघाला आणि माजघराच्या भिंतीवर लागला. तो कोणी हलविला हे कोणी विचारले नाही.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. कागदावर छापलेल्या फोटोतील सर्वांत उजळ जागा म्हणजे कोरा कागद. त्याहून अधिक तेज कागदाजवळ नाही. मोबाईलच्या पडद्याचीही मजल फार नाही. प्रत्यक्ष सूर्य त्याच्या लाखो पट प्रखर. मग दिपून जाणे कागदावर दाखवावयाचे कसे? आपल्या डोळ्यांतही एक भिंगच आहे. प्रखर दिव्याकडे डोळे किलकिले करून पाहिले असता पापण्यांच्या केसांतून किरणांचे फराटे दिसतात. मोतीबिंदू झालेल्या वृद्धांस दिव्याभोवती तेजाचे कडे दिसते. 'फार उजेड' याची खूण म्हणून फराटे, कडी आणि धुक्यासारखा पडदा ही आपल्या मनात लहानपणापासून बसली आहेत. फोटोत ती दिसताच मन म्हणते, येथे ऊन होते. चित्रकार देवाच्या मस्तकामागे प्रभावळ रंगवितो, तोही कागदावर नसलेले तेज अशाच खुणेने सुचवितो.

परंतु या खुणेस मान्यता मिळावयास फार काळ लागला. जुन्या छायाचित्रकारांचा पहिला नियम, सूर्य पाठीशी घ्यावा. १९०० साली कोडक कंपनीने ब्राउनी नावाचा स्वस्त कॅमेरा काढला, घरोघरी हौशी मंडळी फोटो घेऊ लागली आणि हा नियमही घरोघरी पोहोचला. त्याचे फळ आपल्या सर्वांच्या आल्बमात आहे. आजोबा, काका, मुंजमुलगा, सारे ओळीने उभे, आणि सूर्य तोंडावर आल्यामुळे सर्वांच्या कपाळावर एकसारखी आठी! पुढल्या पिढीस वाटते, आमचे पूर्वज फार रागीट होते.

नियम अगदीच निराधार नव्हता. त्या काळची भिंगे लेपावाचूनची असत, आणि ऊन आत शिरले की सारा फोटो ताक घातल्यासारखा पांढुरका होई. झाईस कारखान्याने १८९६ साली प्लानार नावाचे उत्कृष्ट भिंग काढले. पण त्यात हवेशी लागलेली पृष्ठे आठ, त्यामुळे हा दोष जास्त, आणि सहा पृष्ठांचे टेसार १९०२ साली निघाल्यावर लोकांची पसंती तिकडे गेली. श्रीगजाननमहाराजांनी १९१० साली समाधी घेतली, तेव्हा जगभर हीच स्थिती होती. याच्या आधीच, १८९० नंतरच्या दशकात, इंग्लंडातील डेनिस टेलर या भिंगकारास एक चमत्कारिक गोष्ट आढळली होती. वापरून वापरून ज्यांच्या काचेवर कळकट झाक चढली आहे अशी जुनी भिंगे नव्या लखलखीत भिंगांहून अधिक प्रकाश आत सोडीत होती! झाकेचा तो पातळ थर काचेवरून परतणाऱ्या प्रकाशास छेद देत होता. जुन्या वस्तू टाकून देण्याची घाई करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. (आमच्या घरी हा उल्लेख कोणास उद्देशून आहे ते त्यांस कळेल.) पुढे १९३५ साली झाईसमधील अलेक्झांडर स्माकुला यांनी निर्वात जागेत काचेवर असा लेप मुद्दाम चढविण्याची रीत शोधली. लेपाची जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा-हजाराव्या भागाएवढी. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत ती लष्करी गुपित म्हणून राहिली. नंतर सर्वत्र पसरली, आणि १९७० नंतर एकावर एक अनेक लेप चढू लागले. शेकडा ४ ची गळती अर्ध्या टक्क्याच्याही खाली आली.

जोवर हे कवडसे टाळता येत नव्हते तोवर ते वैगुण्य होते. टाळता येऊ लागले तेव्हाच ते कोणी मुद्दाम मागू लागला. जपानच्या कुरोसावांनी १९५० साली 'राशोमोन' चित्रपटात छायालेखक मियागावा यांच्या हातून कॅमेरा पानांआडच्या सूर्यावर थेट रोखविला. त्या काळी हे धाडस समजले जाई. अमेरिकेत कॉनरॅड हॉल यांनी 'कूल हँड ल्यूक' (१९६७) मध्ये आणि लास्लो कोवाच यांनी 'ईझी रायडर' (१९६९) मध्ये भिंगातले ऊन पुसून न काढता तसेच राहू दिले, आणि प्रेक्षकांस रस्त्याची धूळ व उन्हाची काहिली अंगावर आल्यासारखी वाटली. मग सारेच ते करू लागले. २००९ सालच्या 'स्टार ट्रेक' या चित्रपटात आब्राम्सनी त्याचा इतका मारा केला, की पुढे त्यांनीच ते फार झाल्याचे कबूल केले. श्रीखंडात केशर घालावयाचे, केशरात श्रीखंड नव्हे.

फोटोतील अशा दोषांवर श्रद्धाळूंची मने गुंतविण्याचा धंदाही जुनाच आहे. अमेरिकेतील विल्यम ममलर हा १८६० नंतरच्या दशकात मृतांचे आत्मे फोटोत दाखवी. आप्तवियोगाने खचलेली माणसे त्यास पैसे मोजीत. १८६९ साली न्यूयॉर्कात त्याच्यावर फसवणुकीचा खटला झाला. पुराव्याअभावी तो सुटला, पण त्याचा बोलबाला गेला. आपल्याकडील दादासाहेब फाळके यांनीही कॅमेऱ्याच्या करामतीने पडद्यावर देवांचे चमत्कार दाखविले, आणि स्वतः ते जादूचे प्रयोगही करीत. परंतु ते तिकीट लावून, नाटक म्हणून. या दोघांतील अंतर घरातील मुलांस समजावून द्यावे. रात्री फ्लॅश लावून घेतलेल्या फोटोत हवेत तरंगणारी पांढरी वर्तुळे दिसतात, तीही भिंगाजवळच्या धुळीचे वा पावसाच्या थेंबांचे कण उजळल्यामुळे. वृद्ध माणसाची श्रद्धा ठिपक्यावर उभी नसते, म्हणून ठिपका काढून घेतल्याने ती पडतही नाही. आपण मात्र ठिपका काढून घेताना तिच्या हातची सकाळही हिसकावून घेतो, तेथे तंटा होतो.

आता ज्यांस हे ऊन आपल्या फोटोत आणावयाचे असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. सर्वांत मोठी सावधगिरी डोळ्यांची. ज्या कॅमेऱ्यात आरशातून वा नुसत्या काचेतून प्रत्यक्ष पाहावे लागते, त्यातून सूर्याकडे कदापि पाहू नये. मोठे भिंग लावले असेल तर क्षणात दृष्टीस कायमची इजा होते. पडद्यावर पाहणे बरे. आणि तोही सूर्य उगवतीचा किंवा मावळतीचा असावा. आपल्या वऱ्हाडात मेच्या अखेरीस आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य शब्दशः डोक्यावर येतो; त्या वेळी कॅमेरा पिशवीत आणि आपण सावलीत, हेच उत्तम.

भिंग आधी पुसावे. मोबाईलच्या काचेवर अंगठ्याचे तेल असतेच, आणि त्याने जे लांबट ओंगळ फराटे उठतात त्यांस पुष्कळजण कला समजतात. मऊ, धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा पुरे. कचोरी खाल्लेला हात नको.

मग सूर्य कशाच्या तरी कडेआड अर्धा दडवावा. कळसाची कड, पिंपळाचे पान, खांब, माणसाचा खांदा, काहीही चालेल. सबंध सूर्य चौकटीत घेतला तर आकाशाला पांढरे भगदाड पडते; दोन-चार अंगुळे सरकून त्याचा टवका तेवढा डोकावू दिला, की किरण निघतात आणि भोवतालचे रंगही शाबूत राहतात. पाती असलेला कॅमेरा असेल तर छिद्र लहान करावे. पाती सम संख्येची असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. सहा पातींना सहा, सातांना चौदा. सूर्य चौकटीच्या किंचित बाहेर ठेवला तर ठिपके बहुधा जातात आणि नुसता झिरझिरीत पडदा राहतो. प्रौढ स्त्रियांच्या चेहऱ्यास तो फार साजतो, असे आमच्या घरातील बहुमत आहे. चेहरा काळवंडू द्यावयाचा नसेल तर पडद्यावर चेहऱ्याला बोट लावून उजेड त्याच्या मानाने ठरवावा. ठिपका ज्याच्या नाकावर बसला तो फोटो दुसऱ्यांदा घ्यावा.

खुद्द शेगावात यासाठी दोन जागा आम्हांस विशेष वाटतात. मंदिरात, जेथे कॅमेऱ्यास मनाई आहे तेथे, ती पाळावी. शिवाय गाभाऱ्यातील अंधार डोळ्यांसाठी आहे. पहिली जागा रेल्वेस्टेशन. मुंबई-नागपूर मार्ग येथून पूर्व-पश्चिमेच्या रोखाने जातो, त्यामुळे मावळतीस रुळांवर तांबूस पाणी चढते आणि येणाऱ्या गाडीचे तोंड त्या झळाळीत वितळते. हा फोटो फलाटावर, पिवळ्या रेघेच्या अलीकडे उभे राहूनच घ्यावा. रुळांत उतरून फोटो घेणाऱ्यांची हौस आम्हांस समजत नाही.

दुसरी जागा पालखीच्या परतीची वाट. श्रींची पालखी आषाढीस पायी पंढरपुरास जाते आणि परतताना खामगावाहून शेगावास येते, तेव्हा हजारो माणसे तिच्याबरोबर चालतात. ही पाच-सहा कोसांची वाट ईशान्येकडे आहे, आणि त्या दिवसांत सूर्यही पूर्वेच्या उत्तरेस कललेला उगवतो. म्हणजे वारकरी बहुतांशी उगवत्या उन्हाकडे तोंड करून चालतात. फोटो घेणारे सारे पुढे धावतात आणि उजळलेले चेहरे टिपतात. आमची सूचना अशी, की मागे राहावे. ढग फाटून ऊन आले की पांढरे सदरे आरपार उजळतात, पताकांची कापडे पेटल्यासारखी दिसतात, टाळांवर एकेक ठिणगी उठते, आणि ओल्या डांबरी रस्त्यावर साऱ्यांच्या लांब सावल्या आपल्या पायांशी येतात. येथे भिंगात एखाद-दुसरा कवडसा आला तर येऊ द्यावा. चेहरे दिसणार नाहीत. परंतु चालणाऱ्यास पुढे काय दिसत होते, ते दिसेल.

हल्ली असा उजेड मागाहून संगणकावर चिकटविताही येतो. लग्नाच्या आल्बमात तर तो पैसे देऊन मिळतो. ओळखण्याची खूण सोपी आहे, सावल्या पाहाव्यात. सूर्य डावीकडे झळकतो आहे आणि वऱ्हाडी मंडळींच्या सावल्याही डावीकडेच पडल्या आहेत, असा एक मोठा रंगीत फोटो आम्ही नुकताच एका सुशिक्षित घरी पाहिला. यजमानांस बोललो नाही. फोटो सजावटीचा असेल तर कोणाचे काही जात नाही. यात्रेचा, वडिलांचा, घरच्या मंगलकार्याचा असेल तर मागे शिसपेन्सिलीने तिथी, वेळ, आपण कोणत्या दिशेस तोंड करून उभे होतो आणि प्रकाश खरा की घातलेला, एवढे लिहून ठेवावे. वहिनींनी माजघरातल्या चौकटीमागे पुतण्याकडून हे लिहवून घेतले आहे. अक्षर त्याचे आहे, मजकूर त्यांचा.